नर्सबाईंच्या रजिस्टरमधली कोरी पानं

आपल्याकडे बाळ जन्मलं की पाचव्या दिवशी सटवाईची पूजा होते. पाटा-वरवंटा मांडायचा, हळदकुंकू वाहायचं, शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवायचं. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते, असं आपल्या आज्या सांगत आल्या. आता सटवाईच्याही दोन दिवस आधी आणखी एक बाई बाळाला बघायला येते. खांद्याला पिशवी, पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ. ही आपली आशाताई. तीही लिहूनच जाते. वजन किती, अंग गार लागतंय का, बाळ ओढून पितंय का, नाळ कोरडी आहे का, मिनिटाला श्वास किती.

दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे तिने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं असतं. घरीच बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही. म्हणजे आपला सव्वा महिना आणि सरकारचे बेचाळीस दिवस जवळजवळ सारखेच झाले म्हणायचे! या दिवसांत ती घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी काय काय वाद घालते ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. चीक पिळून टाकू नका, तेच बाळाचं पहिलं औषध आहे. मध चाटवू नका, घुटी देऊ नका. नाळेला तेल, हळद, राख काही लावू नका. वजन कमी असेल तर रोज आंघोळीचा हट्ट नको, बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वर पांघरूण घाला. बाळ प्यायचं थांबलं, गार पडलं किंवा श्वास घेताना छाती आत ओढायला लागलं, तर सकाळची वाट बघू नका, गाडी काढा.

हे सगळं कुठून आलं ते ठाऊक आहे का? आपल्याच राज्यातून, गडचिरोलीतून. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथल्या ३९ गावांत थोडंफार शिकलेल्या गावातल्याच बायकांना तयार केलं. त्यांना आरोग्यदूत म्हणत. त्या घरोघर जाऊन बाळं तपासायच्या, जंतुसंसर्ग झाला तर औषध द्यायच्या. दर हजार जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यात दगावायची, ती तीन वर्षांत पंचविसाच्या आसपास आली. १९९९ साली हे ‘लॅन्सेट’ या मोठ्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलं आणि २०११ पासून तीच पद्धत आशाताईंमार्फत देशभर सुरू झाली. आमच्याच बाजूचं दुसरं उदाहरण द्यायचं तर करमाळ्याच्या पलीकडे जामखेड आहे. तिथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून अशाच खेड्यातल्या, कित्येकदा निरक्षर असलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉक्टर लांब असला तरी शेजारची शिकवलेली बाई बाळ वाचवू शकते, हे महाराष्ट्राने जगाला दाखवलं, आणि याचा मला फार अभिमान वाटतो.

२०२० च्या सरकारी नमुना नोंदणीत महाराष्ट्राचा बालमृत्यू दर हजारी १६ आला. त्यातली ११ बाळं पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच गेलेली. म्हणजे काम अजून आहे, पण दिशा चुकलेली नाही. बाळाच्या बाबतीत आपण पुष्कळ शहाणे झालो. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांची लस, नवव्या महिन्यात गोवर-रुबेला, दीड वर्षाचा बूस्टर... शाळा न शिकलेली आईसुद्धा कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून डब्यात जपून ठेवते.

माझं म्हणणं पुढे सुरू होतं. पाच-सहा वर्षांचा बूस्टर झाला की ते कार्ड डब्याच्या तळाशी जातं. पुढची सुई दहाव्या वर्षी, त्याच्या पुढची सोळाव्या वर्षी. दहाव्याची निदान शाळेत मिळते. मधल्या काळात त्या मुलीच्या घरी आरोग्य खात्याचं कोण येतं? कोणीच नाही. तिला पाळी येते, तिची उंची वाढते, तिचं रक्त कमी होतं, तिला रात्री झोप लागत नाही, तिची शाळा सुटते, आणि नर्सबाईंच्या रजिस्टरमध्ये तिचं नाव कुठेच नसतं. मग एकदम एक दिवस ते नाव परत उमटतं. गरोदर मातांच्या यादीत! आडनाव मात्र बदललेलं. बालकाच्या रजिस्टरमधून थेट मातेच्या रजिस्टरमध्ये, मधली सगळी पानं कोरी.

तुम्ही म्हणाल, अतिशयोक्ती करता. मग आकडा ऐका. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या सोलापूर जिल्ह्यात वीस ते चोवीस वयाच्या बायकांना विचारलं, तेव्हा शंभरातल्या सुमारे चाळीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्याची सरासरी बावीसच्या आसपास होती. म्हणजे आपण जवळजवळ दुप्पट. आमच्या टेंभुर्णीवरून पुणे-सोलापूर हायवे जातो, एमआयडीसी आहे, उजनीचं पाणी आहे, ऊस आहे, केळी आहे, पोरांच्या हातात मोबाइल आहेत. मागासपणा म्हणतात तो आमच्याकडे दिसत नाही. तरी ‘चांगलं स्थळ आलंय, पोरीची जात, उगाच काही झालं तर’ हे वाक्य बागायतदाराच्या घरातही ऐकू येतं आणि कोपीतही.

कोपीवरून आठवलं. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडच्या टोळ्या आमच्या भागात येतात. आई-बाप पहाटे अंधारात फडात जातात. तान्हं बाळ कोणाकडे? त्याच्या दहा-बारा वर्षांच्या बहिणीकडे. नर्सबाई कोप्यांवर जातात, आणि मी पाहिलंय, फार मन लावून करतात त्या हे काम. कार्ड गावी राहिलंय, कुठले डोस झाले ते आईला सांगता येत नाही, तरी विचारून विचारून हिशोब लावतात आणि लस देतात. पण बाळ ज्या मुलीच्या कडेवर असतं, त्या मुलीला कोणी काही विचारत नाही. ती सकाळी काय खाते, ती शाळेत जाते का, तिला पाळी आली का, रात्री कोपीत तिला भीती वाटते का. तीही लेकरूच ना? फॉर्ममध्ये तिच्यासाठी रकाना नाही, एवढंच. अजून चार वर्षांनी तिच्या कडेवर तिचं स्वतःचं बाळ असेल तेव्हा रकाना मिळेल.

आणि तेव्हा काय होतं तेही सांगते. सोळा वर्षांच्या मुलीचं शरीर अजून वाढत असतं. त्यात पोटात बाळ. खाल्लेलं दोघांत वाटलं जातं आणि दोघांनाही पुरत नाही. रक्त आधीच कमी. त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या शंभर मुलींत सत्तावन्न मुली रक्तक्षय झालेल्या निघाल्या होत्या. अशा आईचं बाळ बऱ्याचदा वेळेआधी येतं, अडीच किलोच्या खाली भरतं, आणि मग आशाताई तिसऱ्या दिवशी काटा घेऊन येते. गडचिरोलीने शिकवलेली सगळी विद्या ती त्या बाळासाठी वापरते. पण या बाळाची काळजी तिसऱ्या दिवशी सुरू झाली हेच मुळात उशिरा झालं. ती आई बारा वर्षांची होती तेव्हा सुरू व्हायला हवी होती.

इथे नर्सबाईंची जी कोंडी होते ती बाहेरच्यांना माहीत नाही. अठराच्या आतली मुलगी गरोदर आहे असं कळलं, तर पोलिसांना कळवलंच पाहिजे, असं २०१२ चा पोक्सो कायदा सांगतो. नवरा असला तरी सुटका नाही. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने तीही पळवाट बंद केली. कायदा योग्यच आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण गावात त्याचं काय होतं? सासरचे वय एकोणीस सांगतात. आधार कार्ड ‘सापडत नाही’. नाहीतर मुलीला लांबच्या नातेवाइकांकडे ठेवतात आणि सातव्या महिन्यापर्यंत नाव नोंदवतच नाहीत. ज्या मुलीला तपासणीची सगळ्यात जास्त गरज, तीच नर्सपासून लपवली जाते. एक सिस्टर मला म्हणाल्या, “ताई, खरं वय लिहिलं तर गाव माझ्यावर तुटून पडतं आणि उद्यापासून एकही घर दार उघडत नाही. खोटं लिहिलं तर नोकरी जाते. आणि पोरगी तशीच मरते की जगते ते मला रात्री झोपू देत नाही.” त्यांना उत्तर काय द्यायचं? गरोदर झाल्यावर गाठलं तर नर्सबाई ही पोलिसाची माणूस ठरते. तेराव्या-चौदाव्या वर्षी गाठलं तर ती सिस्टर असते. म्हणून मी म्हणते, तिला आधी पाठवा.

योजना नाहीत का? भरपूर आहेत! शून्य ते अठरा वयाच्या मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायची असते. हृदयाला छिद्र, दुभंगलेला ओठ, कमी दिसणं, अशा कितीतरी मुलांचा त्यामुळे वेळेत इलाज झाला. जानेवारी २०१४ मध्ये दहा ते एकोणीस वयासाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला. मोठ्या सरकारी दवाखान्यांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ नावाचं क्लिनिकही असतं. तुमच्यापैकी कितीजणी आपल्या मुलीला तिथे घेऊन गेल्या आहेत? नाव तरी ऐकलंय का? पाटी असते, पण मुलगी एकटी तिथे जाणार कशी, आणि आई बरोबर असेल तर बोलणार काय?

आठवड्याच्या निळ्या गोळीचंच बघा. शाळेत लोहाची गोळी मिळते, शाळाबाह्य मुलींना अंगणवाडीतून. चांगली योजना आहे. पण गोळीमुळे शौचाला काळं होतं, उपाशीपोटी घेतली तर मळमळतं, हे आधी सांगितलं नाही की मुलगी घाबरते. एकीला उलटी झाली की वर्गातल्या सगळ्या गोळ्या कंपाउंडच्या पलीकडे. वर घरी आई म्हणते, ‘कशाला घेतेस गं असलं काहीबाही, उद्या मूल व्हायला अडचण आली म्हणजे?’ गोळीच्या पाकिटावर हे लिहिलेलं नसतं. जेवणानंतर घे, लगेच चहा पिऊ नकोस, लिंबू पिळलेलं खा, काळं झालं तर घाबरू नकोस, ही चार वाक्यं समोर बसून कोणीतरी बोलावी लागतात, आणि बोलणारीवर मुलीचा विश्वास असावा लागतो. नाहीतर आठ मार्चला पॅडची पाकिटं वाटत फोटो काढायला आपल्याकडे पाहुण्यांची कमी कधीच नव्हती. पाकीट संपल्यावर मुलगी काय वापरते ते विचारायला नऊ मार्चला कोणी येत नाही.

पुन्हा, हे होऊ शकतं याचा दाखलाही आपल्याच राज्यात आहे. पैठण तालुक्यातल्या पाचोडला डॉ. अशोक दयालचंद यांच्या संस्थेने १९९७ ते २००१ या काळात बारा ते अठरा वयाच्या मुलींसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम चालवला. रोज संध्याकाळी एक तास, शनिवार-रविवार सोडून. संध्याकाळी का? कारण दिवसा मुली शेतात. शिकवायला कोण? गावातल्याच, निदान सातवी झालेल्या बायका. शरीर, आहार, पाळी, कायदा, बँकेचा आणि पोस्टाचा व्यवहार, घरात आपलं म्हणणं कसं मांडायचं, असं सगळं. सुरुवातीला तिथल्या गावांत होणाऱ्या लग्नांपैकी शंभरात ऐंशी मुली अठराच्या आतल्या असायच्या. चार वर्षांत ते प्रमाण बासष्टवर आलं आणि मुलींचं लग्नाचं वय साधारण सोळावरून सतरावर गेलं. एकच वर्ष, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. त्या वयात एक वर्ष म्हणजे काय ते ज्या बाईचं लग्न सोळाव्या वर्षी झालंय तिला विचारा. गडचिरोलीची पद्धत देशभर गेली, पाचोडची का नाही गेली, हा प्रश्न मला फार दिवस छळतोय. बाळ मेलं तर आकड्यात दिसतं. चौदा वर्षांची मुलगी मनातून विझली तर कुठल्या तक्त्यात दिसणार?

मुलांनाही यातून वगळून चालणार नाही, हे घाईत का होईना सांगते. गुटखाबंदी २०१२ पासून आहे, आणि नववीतल्या पोराच्या गालात मावा आहे. त्याच्याशी याबद्दल बोलायचं कोणी? वडील स्वतःच त्याला पुडी आणायला पाठवतात.

आता नर्सबाईंची बाजू. सपाट भागात एका उपकेंद्राने पाच हजार वस्ती सांभाळायची, असा नियम आहे. आमच्याकडे ही पाच हजार माणसं एका जागी नाहीत, उसात विखुरलेल्या वाड्या-वस्त्यांवर आहेत. उपकेंद्राची पाटी बदलून आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ झाली. काही ठिकाणी समुदाय आरोग्य अधिकारी आले, त्यांचा उपयोगही होतो. पण लसीकरण, बाळंतपणं, नसबंदीचं काम, साथीचे सर्व्हे आणि वर मोबाइलमध्ये रोज भरायची माहिती, यातून तिला उसंत कुठे? आशाताईंचं तर विचारूच नका. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातल्या याच आशाताई मानधनवाढीसाठी मुंबईत आझाद मैदानावर बसल्या होत्या. टाळ्या आधी मिळाल्या, पैशासाठी मात्र बसावं लागलं. अशा बाईला आणखी एक काम सांगताना मला संकोच वाटतो. म्हणून काम सांगायचं तर त्यासाठी वेगळं माणूस आणि वेगळा मोबदला हवा, हेही त्याच दमात मागितलं पाहिजे. प्रत्येक आरोग्य केंद्रात फक्त किशोरवयीन मुलामुलींसाठी एक नर्स, जिच्याकडे दुसरं रजिस्टर नसेल. एवढं मागणं फार आहे का?

ते मिळेपर्यंत आपण काही करू शकतो. प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिच्यात बायका असतात, बऱ्याचदा नुसत्या सहीपुरत्या. महिला ग्रामसभेत उठून विचारा, या समितीची बैठक कधी झाली, आणि दहा ते एकोणीस वयाच्या मुलींची यादी आहे का. अंगणवाडी ताईंकडे शाळाबाह्य मुलींची नावं मागा. गावात बालविवाह ठरतोय असं कळलं तर ग्रामसेवकांना कळवायचं असतं, आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. थेट सांगायची भीती वाटत असेल तर १०९८ हा नंबर आहे. आणि घरात नर्सबाई आल्या की त्यांना उभ्याउभ्या वाटेला लावू नका. खुर्ची द्या, चहा द्या आणि विचारा, ‘आमच्या मोठीकडे पण जरा बघता का?’ मग आपण स्वयंपाकघरात जायचं. मुलगी आईसमोर बोलत नाही हे काही आईचं अपयश नव्हे, आपण तरी कुठे बोललो होतो आपल्या आईशी?

आमच्या जवळच्या एका वस्तीवर दर महिन्याच्या लसीकरणाच्या दिवशी असं करून बघतोय. बाळांची सुई झाली, लसीचा डबा परत पाठवायचा झाला, की सिस्टर अर्धा तास थांबतात. बारा वर्षांच्या पुढच्या मुली येतात, आया बाहेर. पहिल्यांदा चौघी आल्या होत्या आणि सगळा वेळ एकमेकींना ढोसत हसत बसल्या. दुसऱ्या वेळी नऊ झाल्या. वजन-उंची झाली, गोळीचं बोलणं झालं, मग एकीने पाळी तीन-तीन महिने येत नाही असं सांगितलं. बाकीच्या गप्प झाल्या आणि ऐकत राहिल्या. तिला तपासायला पाठवलंय. शेवटी एका मुलीने सुचवलं की पुढच्या वेळी अंगणवाडीचं दार लावून घ्यावं, कारण समोर पारावर माणसं बसलेली असतात. पडदा शिवायला टाकलाय, पुढच्या महिन्याच्या आत मिळेल.